तुरीत प्रथिनं वाढवा म्हणे! भाव कोण वाढवणार?

बांधावरचा (बदनापूर):
परवा इथं एका पुणेकर व्यायामवीरांनी तारे तोडले: "तुरीत जेमतेम २१-२२ टक्के प्रथिनं, आणि विद्यापीठं, शेतकरी नुसते क्विंटल मोजत बसलेत." अहो, मोंढ्यातला काटा क्विंटलच मोजतो! २०२५-२६ चा हमीभाव ८,००० रुपये, २० टक्केवाल्याला तोच अन् २६ टक्केवाल्यालाही तोच. खरेदी केंद्रावरून माझी सहा पोती माघारी आली ती ओल १२ टक्क्यांच्या वर दाखवली म्हणून. प्रथिनं कुणी विचारली? बीडीएन ७११ ही पांढरी तूर आमच्याकडं चालली, कारण लवकर निघते, जमिनीतली ओल तुटायच्या आत शेंग भरते.

कृषीपुत्र (परभणी):
दादा, भावाचं कबूल. पण प्रथिनं वाढली की एकरी उतारा घटलाच, असं तुरीत नाही. हैदराबादजवळच्या पटणचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनं रानतुरीशी संकर करून २६ टक्क्यांच्या पुढचे वाण काढले, उतारा साध्या वाणांच्या आसपास.

बांधावरचा:
मग बियाणं कुठाय? आमच्या तालुक्यात एक पिशवी दिसली नाही. अन् झाडाला काही फुकट मिळत नाही. जेवढ्या साखरेत ते किलोभर पिठूळ माल भरतं, तेवढ्यात प्रथिनं अर्धा किलोच. वर नत्र पानांतून ओढतं, पानं पिवळी पडून गळतात. सोयाबीनमध्येही प्रथिनं चढली की तेल उतरतं. हे तुमच्याच पुस्तकातलं.

वरणभात (लातूर):
टक्के राहू द्या हो. ही नवी पांढरी तूर आधी शिजते का? काल सात शिट्ट्या दिल्या. वर पिवळं पाणी, तळाला डाळ दातखीळ बसल्यासारखी उभी. मायच्या घरची लाल गावरान तूर चुलीवर मेणासारखी व्हायची.

कृषीपुत्र:
ताई, माय विहिरीचं पाणी घालायची. तुमचं बोरचं ना? जड पाण्यातला चुना डाळीला शिजूच देत नाही.

वरणभात:
म्हणजे आता चूक आमच्या पाण्याची! उन्हाळ्यात सहाशे फुटांवरून येतंय तेच नशीब. वाणाला कुणी काही बोलायचं नाही का?

बांधावरचा:
बोला की. पण गावरान तुरीला वांझ रोग लागला की अख्खं रान हिरवंगार अन् शेंग एक नाही. १५ वर्षांपूर्वी आमचं गेलं तसं. ते मेणासारखं वरण कशाचं करणार होतात?

वरणभात:
ओरडू नका, टंकताना पण ऐकू येतं.

वरणभात (दुसऱ्या दिवशी):
केलं. तीच डाळ, तोच कुकर, जारचं पाणी. तीन शिट्ट्यांत दाणा उरला नाही. झालं समाधान? चव मात्र मायच्या तुरीची नाही म्हणजे नाहीच.

पुणेकर:
बोरच्या पाण्यावर मी काहीच बोललो नव्हतो. बरं, २६ टक्क्यांची तूर लावा, मी भावापेक्षा हजार रुपये जास्त देतो.

बांधावरचा:
आता कसं बोललात! किती क्विंटल?

पुणेकर:
वर्षाला पाच किलो पुरते आम्हाला.