मिग-३१ या लढाऊ विमानाच्या पोटाखाली रॉकेट लावून उपग्रह कक्षेत नेता येईल का?

खगोलखोर:
मिग-३१ मॅक २.८ पर्यंत (ध्वनीच्या वेगाच्या २.८ पट) पळतं आणि वीस किलोमीटरच्या आसपास चढतं. मग रॉकेटचा पहिला टप्पा हवाच कशाला? विमानाने तिथवर न्यायचं आणि वरून दोन टप्प्यांचं छोटं रॉकेट सोडायचं. हिशेब कुठे फसतो?

आकडेमोड्या:
२०० किमीवरच्या कक्षेसाठी सेकंदाला ७.८ किमी वेग लागतो. गुरुत्व आणि हवेचा रोध धरला तर रॉकेटला साधारण ९.३ कमवावे लागतात. १५ किमी उंचीवर मॅक २ म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.५९ किमी. ऊर्जेत मोजाल तर कक्षेतल्या गतिज ऊर्जेचा अर्धा टक्का!

तरी फायदा शून्य नाही, कारण रॉकेटचं गणित घातांकाने चालतं. झोताचा वेग सेकंदाला ३ किमी धरा. ९.३ साठी भरलेलं रॉकेट रिकाम्याच्या २२ पट लागतं, विमानाचा वेग आणि वाचलेला रोध धरून गरज ८.३ वर आली की १६ पट पुरतं. शिवाय वर हवा विरळ, म्हणून पहिल्या टप्प्यालाच मोठ्या तोंडाचा नॉझल (झोत बाहेर सोडणारी नळी) चालतो. जमिनीवर तोच लावला तर झोत भिंतीपासून सुटतो आणि नॉझल हादरून फाटू शकतो. माझ्या मते वेगापेक्षा ही कमाई मोठी.

पंखपुराण:
गणित बरोबर, पण वेग कुठल्या दिशेला आहे तेही बघा. १३ सप्टेंबर १९८५ ला एफ-१५ ने उपग्रहभेदी क्षेपणास्त्र सोडलं. विमान मॅक १.२२ वर होतं, ३.८ जी (गुरुत्वाच्या ३.८ पट ताण) ओढून ६५ अंशांत वर चढलं आणि ११.६ किमीवर क्षेपणास्त्र सुटलं तेव्हा वेग उरला होता मॅक ०.९३. दिशा मिळवण्यात वेग खर्ची पडला. आणि ते सुमारे १,२०० किलोचं क्षेपणास्त्र कक्षेत गेलंच नाही, ५५५ किमीवर जाऊन नुसतं धडकलं.

आडवं सोडलं तर नाक वर करायला रॉकेटलाच पंख लागतात. पेगॅसस या विमानावरून सुटणाऱ्या रॉकेटला ते आहेत: १२ किमीवर मॅक ०.८ ला सुटतं, पाच सेकंद पडतं, मग मोटर पेटते. तिथे हवेचा गतिज दाब (वेगामुळे समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब) ९ किलोपास्कलच्या आत असतो. १५ किमीवर मॅक २ ला तो ३४ होतो. पंख आणि सांगाडा तेवढे दणकट करा, म्हणजे वाचवलेलं वजन परत चढलंच.

सुटण्याचा क्षण तर सगळ्यात वाईट. ३० जुलै १९६६ ला एम-२१ विमानाच्या पाठीवरून मॅक ३ च्या पुढे सोडलेलं डी-२१ ड्रोन मूळ विमानावरच आदळलं आणि विमान तुटलं. पुढे डी-२१ हे बी-५२ या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली टांगलं, बूस्टर म्हणजे वेग देणारं जोड-रॉकेट लावून.

खगोलखोर:
मग एफ-१५ वरून ४५ किलोचा उपग्रह कक्षेत न्यायचा अमेरिकेचा अलासा प्रकल्प कशामुळे अडला?

आकडेमोड्या:
इंधनामुळे. लढाऊ विमानाखाली रॉकेटचा व्यास ठरतो तो पोट आणि धावपट्टी यांतल्या फटीवर. जागा आणि सुटे भाग वाचवायला नायट्रस ऑक्साइड आणि ॲसिटिलीन एकाच टाकीत मिसळले. पण जळणारं आणि जाळणारं एकत्र असलं की ज्वाला नळीतून मागे टाकीकडे येऊ शकते, आणि ॲसिटिलीन तर ऑक्सिजनशिवायही फुटतं. जमिनीवरच्या चाचण्यांत स्फोट झाले, २०१५ मध्ये उड्डाणांचा बेत गुंडाळला.

पंखपुराण:
पुरवणी: पेगॅसस एक्सएल २३ टनांचं, नेतं ४४३ किलो. त्याच प्रमाणात दोन टनांच्या रॉकेटला ३८ किलो यायला हवेत, पण येत नाहीत. दिशादर्शक पेटी आणि टप्पे तोडणारे बोल्ट रॉकेटच्या प्रमाणात लहान होत नाहीत. १९५८ मध्ये स्कायरे विमानावरून सुमारे ९५० किलोचं नॉट्सनिक रॉकेट सोडलं, उपग्रह किलोभराचा. सहा प्रयत्न, सहाही फसले.