‘बन्सन बर्नर’मधला बन्सन म्हणजे काय?

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. काल प्रयोगशाळेतल्या गॅसच्या ‘बन्सन बर्नर’बद्दल विचारते, “बाबा, बन्सन म्हणजे निळी ज्योत का?” मला काही सांगता येईना. शब्द कुठला आहे हा?

उत्तर: आडनाव आहे. रॉबर्ट बुन्झन, जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ. आपल्याकडे नाव इंग्रजीतून आलं, म्हणून बन्सन.

उत्तर: मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं सहायक होतो. मुलांना नेहमी दुसरंही नाव सांगायचो: पीटर डेसागा. १८५५ च्या सुमारास कल्पना बुन्झनची, पण बर्नर प्रत्यक्ष घडवला या कारागिराने. त्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलीला बुडाजवळचं कडं फिरवून दाखवा. भोक बंद असलं की ज्योत पिवळी, काजळी धरणारी. उघडलं की हवा गॅसमध्ये आधीच मिसळते आणि ज्योत निळी, जवळजवळ अदृश्य होते. त्या ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नाही म्हणून तर तिच्यात मोरचूद धरला की त्याची हिरवी झाक स्वच्छ दिसते. बुन्झन आणि त्यांचे सहकारी भौतिकशास्त्रज्ञ किर्चहॉफ यांना सीझियम, रुबिडियम ही मूलद्रव्यं सापडली ती अशाच ज्योतीतला प्रकाश लोलकातून (प्रिझममधून) पाहून.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. डेसागांचं नावही आज सांगतो तिला.