टोकदार कान लावले की झाला परग्रहवासी?

विज्ञानकथांमधले परग्रहवासी म्हणजे शेवटी रंगरंगोटी केलेली माणसंच, त्यापेक्षा एल्फ-ड्वार्फ बरे, असं काहीजण म्हणतात. पडद्यापुरतं ते बरंचसं पटतं. १९६६च्या 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेत नटालाच टोकदार कान चिकटवायचे. दुसरं परवडणार कसं? पुस्तकात मात्र मेकअपचा खर्च नसतो. व्हर्नर विंजच्या 'अ फायर अपॉन द डीप' या विज्ञान-कादंबरीतले (१९९२) टाइन्स नावाचे परग्रहवासी बघा. दिसायला कुत्र्यांसारखे, पण एकटा असला तर जवळपास बिनडोक. चार-सहा जणांची टोळी मिळून एक व्यक्ती! त्यांचे विचार आपसात आवाजातूनच फिरतात, त्यामुळे दोन टोळ्या फार जवळ आल्या की डोक्यात नुसता गोंधळ. (यांच्या लग्नात पंगती कशा बसत असतील?) टोळीतला एखादा मेला की स्वभावच बदलतो. परीकथांसारख्या अद्भुत कथांमधले एल्फ-ड्वार्फ मलाही आवडतात, पण ते आपलेच लांबचे चुलतभाऊ वाटतात.