धीर धरायचा म्हणजे महारेराकडे जायचंच नाही का?

खारघरची ताई:
आमच्या प्रार्थना गटातल्या एका मावशींनी तळोज्याला फ्लॅट बुक केलाय. करारातली ताब्याची तारीख कधीच उलटून गेली. बाकीचे खरेदीदार मिळून महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामक प्राधिकरणाकडे, तक्रार करताहेत, मावशींनी सही केली नाही. गटातच त्यांना सांगितलं गेलं, "प्रभूच्या वेळेची वाट पाहा, तक्रार म्हणजे अविश्वास." मला हे अजिबात पटत नाही. रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार ताबा लांबला तर पैसे व्याजासकट परत मागता येतात. घर हवंच असेल तर उशिराच्या दर महिन्याचं व्याज. हे मागितल्याने विश्वास कसा कमी होतो? बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते. खचू नका हे शिकवायला येशूने तिचाच दाखला दिला.

सानपाडा:
तो दाखला प्रार्थनेचा आहे ताई, खटल्याचा नाही. स्तोत्र 37 म्हणतं, परमेश्वरापुढे शांत राहा, दुष्टाची भरभराट पाहून जळफळू नको. माझे वडील जागेच्या वादात वर्षानुवर्षं तारखांना गेले. जेवताना फाईल, उपासनेत बसूनही डोक्यात वकिलाचं बोलणं. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण तोवर घरातली संध्याकाळची प्रार्थना बंद पडली होती. मावशींना ते नको असेल तर त्यांचं काय चुकलं?

खारघरची ताई:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, आणि ही किंमत खरी आहे. मावशींनी सगळं समजून नाही म्हटलं असतं तर मी हा विषयच काढला नसता. त्यांना भीती घातली गेली. भाडं आणि हप्ता, दोन्ही एकाच पेन्शनमधून जातंय. बायबलमधला योसेफ बघा, खोट्या आरोपावरून तुरुंगात पडलेला. तुरुंगात परमेश्वर त्याच्याबरोबर होता असं शास्त्रच सांगतं. तरी सुटणाऱ्या प्यालेबरदाराला, म्हणजे राजाला पेय देणाऱ्या सेवकाला, तो म्हणाला, फारो राजाकडे माझी गोष्ट काढ. आधी बोलला. मग दोन वर्षं थांबला, कारण तो माणूस विसरला. त्याचा धीर हा असा होता.

ठाणे पूर्व:
माणसावर भिस्त ठेवली म्हणून ती दोन वर्षं वाढली, असं मी प्रवचनात ऐकलंय. शिवाय प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला फिर्यादीवरून खडसावलंय.

खारघरची ताई:
योसेफाची गोष्ट ज्यात आहे त्या उत्पत्तीच्या पुस्तकात तसं कुठेही लिहिलेलं नाही, ते प्रवचनकाराचं अनुमान आहे. करिंथमध्ये विश्वासातले बंधूच एकमेकांना न्यायालयात खेचत होते, म्हणून पौल बोलला. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यानेच रोमन सुभेदार फेस्तासमोर कैसराकडे, म्हणजे सम्राटाकडे, दाद मागितली.

ऐरोली:
देवाने संततीचं वचन दिलेला अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता, त्याला इसहाक झाला तेव्हा 100 चा. मधे घाई करून दासी हागारपासून मूल करून घेतलं आणि तिला पोरासकट रानात जावं लागलं. घाई एकाची, भोगलं दुसरीने. इथे थांबायला सांगणारे वेगळे आहेत आणि हप्ता भरणारी वेगळी.

सानपाडा:
हे मान्य. पण मन कडू होतं त्याचं काय, याला कुणी उत्तर दिलं नाही. कलम 18 मावशींना कुणी नीट वाचून दाखवलंय का? नसेल तर आधी ते करा. आणि त्या नाही म्हणाल्या तर परत विचारू नका.

खारघरची ताई:
नाही, कुणीच दाखवलेलं नाही. रविवारी उपासनेनंतर करारनामा आणि पावत्या घेऊन बसते त्यांच्याबरोबर. त्या नाही म्हणाल्या तर परत विचारणार नाही. पण गटात "तक्रार म्हणजे अविश्वास" असं पुन्हा कुणी म्हटलं तर मी बोलणार.