अनुभव धागा : संकट चालू असतानाची उपकारस्तुती

बायबलमधील थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (5:18) प्रेषित पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला, म्हणजे देवाचे आभार मानायला सांगतो, आणि हे सांगणारा माणूस स्वतः फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना, आपला सोबती सीला याच्यासह मध्यरात्री स्तोत्रे गायलेला असतो. संकट टळल्यावरच्या साक्षी आपण नेहमीच ऐकतो. इथे मात्र संकट सुरू असतानाचे अनुभव लिहावेत, ही विनंती.

एक पत्नी
माझ्या पतींची मूत्रपिंडे निकामी झाली असून आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी साधारण चार तास, त्यांचे डायलिसिस चालते. हातातल्या फिस्टुलातून (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेल्या मार्गातून) रक्त नीट वाहते आहे ना, हे रोज बोटे ठेवून पाहायला नर्सने मला शिकवले. बोटांना बारीक थरथर लागली की तो चालू आहे, असे समजायचे. पूर्वी माझी रात्रीची प्रार्थना लांबलचक असे आणि तिच्यात मागण्याच अधिक असत. आता ती थरथर लागली की ‘प्रभू, तुझे आभार’ एवढेच म्हणते. आजाराबद्दल मी आभार मानलेले नाहीत आणि कधी मानेन असे वाटतही नाही. पण रक्तदाब घसरल्यावर धावून येणारा तंत्रज्ञ, खर्चाला हातभार लावणारे दीर, यांच्यासाठी आभार मानताना मला ओढूनताणून काही करावे लागत नाही. ह्यांना पाणीसुद्धा मोजून प्यावे लागते, आणि पहिल्या घोटाआधी ते क्षणभर डोळे मिटतात. त्या वेळी मनात काय म्हणतात, हे मी विचारलेले नाही.

नोकरी गेलेला एक गृहस्थ
‘देव दुसरे दार उघडील’ हे वाक्य मंडळीत (चर्चमध्ये) इतक्यांनी ऐकवले की मी लोकांना टाळू लागलो. आधार मिळाला तो बायबलमधील हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचा. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, गोठ्यात गुरे नाहीत, अशी एकेका तोट्याची नावे घेऊन झाल्यावरच तो संदेष्टा परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे म्हणतो. मीही तसेच करतो : थकलेला हप्ता, मुलीची फी, मुलाखतीनंतर न आलेले उत्तर, हे सगळे आधी देवापुढे मोकळेपणी मांडतो आणि मग आभार मानतो. पूर्वीच्या तोडीचे काम अजून मिळालेले नाही.

एक आई
माझे मूल गेले. मला आभार मानता येत नाहीत. स्तोत्र 88 अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, एवढे मला सध्या पुरते. माझ्या वाट्याची उपकारस्तुती मंडळीतल्या बहिणी करतात.

एक पाळक
मूल गमावलेल्या या भगिनींचे लिहिणे मला फार योग्य वाटते. ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले, त्याच रात्री त्याने भाकर घेऊन उपकारस्तुती केली, आणि त्यानंतर गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणीही केली. दोन्ही एकाच रात्री घडले, हे आपण पुष्कळदा विसरतो. म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसलो असता मी कोणालाही आभार मानायला सांगत नाही. मी स्वतः मानतो आणि त्यांची इच्छा असल्यास ते आमेन म्हणतात. काही जण म्हणत नाहीत. त्यांच्याकडे मी पुन्हा जातो.