फायनल इयर प्रोजेक्ट: मशेरी आणि हिरड्या. सॅम्पल १०० घेऊ की ३८४?

कोटा_अजून_बाकी:
नमस्कार मंडळी, बीडीएस (दातांची डॉक्टरकी) फायनल इयरला आहे, कॉलेज कोल्हापूर साइडला. पीएचडी डिपार्टमेंटला प्रोजेक्ट घेतलाय (पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री हो, घरी नुसतं "पीएचडीत प्रोजेक्ट मिळाला" म्हणाले तर आजीने शेजारीपाजारी पेढे वाटले, आता खरं सांगायची सोय राहिली नाही). आमच्या ओपीडीला खेड्यातनं येणाऱ्या बायकांत मशेरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणाऱ्या खूप आणि त्यांच्या खालच्या पुढच्या दातांच्या हिरड्या पार खाली गेलेल्या, म्हणून विषय तोच घेतला. मशेरीचं प्रमाण किती, त्याने रिसेशन (हिरडी खाली सरकणं) होतं का, पांढरे चट्टे किती जणींना, त्यांना तोटे माहितीयेत का, आणि समजावल्यावर किती जणी सोडतात असं सगळं बघायचंय. मॅडम म्हणाल्या आधी सॅम्पल साइज काढून आण, तिथेच गाडी अडलीये. एक सिनियर म्हणतो डोळे झाकून १०० घे, दुसरी म्हणते ३८४ च्या खाली कुणी विचारत नाही. हातात सहा महिने, कोटा (परीक्षेआधी पूर्ण करायच्या केसेस) अर्धा बाकी, डेंचरचा (कवळीचा) एक पेशंट ट्रायलनंतर गायबच झालाय. काय करू?

आकडेमोड_पीजी:
अगं १०० आणि ३८४ हे दोन्ही एकाच फॉर्म्युल्यातून आलेत, दोघांनाही बहुतेक माहिती नसेल. प्रमाण ठाऊक नाही म्हणून ५० टक्के धरायचं, ५ टक्के चूक चालेल म्हटलं की येतात ३८४, १० टक्के चालेल म्हटलं की ९६, त्याचे झाले १००. पण तुला प्रमाण ठाऊक नाही असं कुठंय? गॅट्स सर्व्हे (मोठ्या माणसांच्या तंबाखू वापराचा), २०१६-१७ ची फेरी, महाराष्ट्राचं पान काढ, १६.६ टक्के बायका धूरविरहित तंबाखू वापरतात असं त्यात आहे. (त्यात सगळे प्रकार आले, नुसती मशेरी नाही, हे लिहायला विसरू नको.) तो आकडा घालून ५ टक्के चुकीला २१३ येतात.

आता गंमत बघ. २१३ बायका तपासल्या आणि त्यातल्या १६.६ टक्के वापरणाऱ्या निघाल्या तर तुझ्या हातात आल्या जेमतेम ३५. त्या ३५ जणींची हिरडी बाकीच्या पावणेदोनशेंशी ताडून बघायची, त्यात वय वेगळं, ब्रश वेगळा, काय सिद्ध करणार? प्रमाण काढणं आणि रिसेशनची तुलना हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांना दोन वेगळे आकडे लागतात. तुझ्या यादीत असे पाच प्रश्न आहेत. एक ठेव.

मी असतो तर तुलना ठेवली असती. मशेरी लावणाऱ्या एका गटात, कुठलाच तंबाखू न घेणाऱ्या दुसऱ्या गटात. समज रिसेशनचा एसडी (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) १ मिमी आहे आणि अर्ध्या मिमीचा फरक पकडायचाय, ८० टक्के पॉवरला (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) एका गटात ६३, दोन्ही मिळून १२६. एसडी मी उदाहरणाला धरलाय, खरा आकडा छापलेल्या पेपरमधून किंवा तुझ्या पायलटमधून (आधीच्या छोट्या चाचणीतून) घे. आणि एका बाईचे २८ दात म्हणजे २८ पेशंट नव्हेत, प्रत्येकीची एकच सरासरी काढायची. हे न कळल्यामुळे आमच्या बॅचच्या एकाची थिसिस दोनदा परत आली.

इंटर्न_सांगलीकरीण:
आकडे काय ते होतील, फील्डचं सांगते कारण मी गेल्या वर्षी जवळपास हेच केलं. पहिल्या दिवशी फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, "तुम्ही तंबाखूचं सेवन करता का?" बारा जणी, बाराच्या बारा "नाही". पुढच्या मावशी तर चिडल्या, "तंबाखू बाप्ये खातात, आम्ही काय तसल्या वाटलो का?" म्हटलं मग दात कशानं घासता, तर पदराच्या गाठीतनं छोटी डबी काढली, काळीकुट्ट पूड. "ही काय मशेरी, दाताला लावतो." तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला तंबाखूच तो, पण त्यांच्या लेखी ते दंतमंजन. म्हणजे माझ्या पहिल्या बारा फॉर्मांची रद्दी. मग प्रश्न बदलला, सकाळी दाताला काय लावता, दिवसातनं कितीदा, थुंकता की तोंडात धरून बसता. तुमच्याकडे मिश्री म्हणत असतील तर तो शब्दही घाल. पण बदललेला प्रश्न परत एथिक्स कमिटीला दाखवावा लागला, त्यात पाच आठवडे गेले, म्हणून पायलट आधी कर बाई.

बाकी सकाळी आठनंतर बायका घरी सापडत नाहीत, भांगलणीच्या दिवसांत तर नावच नको. आशाताईंना धरून बचत गटाच्या मीटिंगला जा, सगळ्या एका जागी मिळतात. आमच्याकडे मिरर-प्रोबचे (तोंडातला आरसा आणि हिरडी मोजायची सळई) ऑटोक्लेव्ह केलेले, म्हणजे निर्जंतुक, २० सेट होते म्हणजे दिवसाला २० बायका, तुझा वेग त्याच्यावरच ठरणार, फॉर्म्युल्यावर नाही.

जुनी_दाढ:
मी २२ वर्षं प्रॅक्टिस करतोय, कडू बोललो तर राग मानू नका. फायनल इयरला आधी कोटा संपवा, डेंचरच्या त्या पेशंटला फोन लावा, रिसर्च पीजीला आहेच. दुसरं, मशेरी लावणाऱ्या बहुतेक बायका वयस्क. वयाने हिरडी खाली जातेच. शिवाय मशेरी बोटाने दहा-पंधरा मिनिटं रगडतात, मग हिरडी तंबाखूने गेली का रगडण्याने हे तुम्ही कसं सांगणार?

आकडेमोड_पीजी:
दाढकाका, वयाचा मुद्दा एकदम बरोबर. उपाय आहे, ३५ ते ४४ याच वयाच्या बायका घ्यायच्या, डब्ल्यूएचओच्या ओरल हेल्थ सर्व्हेमध्ये तो इंडेक्स एज ग्रुप (तपासणीसाठी ठरवून दिलेला वयोगट) आहेच. रगडण्याचं मात्र या डिझाइनमध्ये वेगळं काढता येणार नाही. निष्कर्षात "मशेरीमुळे झालं" लिहायचं नाही, "मशेरी लावणाऱ्यांत जास्त आढळलं" लिहायचं. व्हायव्हाला हे ती स्वतःहून बोलली तर एक्झामिनर खूश.

कोटा_अजून_बाकी:
बापरे, थँक्यू सगळ्यांना. मॅडमना दोन गटांचं सांगितलं, लगेच हो म्हणाल्या. समुपदेशन केल्यावर किती सोडतात ते काढून टाकलं, पण मॅडम म्हणाल्या संशोधनातून काढ, करायचं मात्र आहेच, तपासून तसंच सोडून यायचं नाही. तर प्रत्येकीला क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा) नंबर (१८००११२३५६) लिहिलेली चिठ्ठी देणार. पांढरा चट्टा दिसला तर बायोप्सीसाठी कॉलेजला कसं आणायचं, एसटीचे पैसे कोण देणार हेसुद्धा लिहून मागितलंय. दाढकाका, पेशंटला फोन लावला, लेकीकडे मुंबईला गेलेत, जुनीच कवळी लावून.

एक्सेलने_मारलं:
एकच सांगतो. डेटा भरून झाल्यावर वयाप्रमाणे लावायला मी एकच कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारला. वयं हलली, बाकी सगळं जागच्या जागी. ७२ वर्षांच्या आजोबांचं वय १९ झालं तेव्हा कळलं, तोवर चार वेळा सेव्ह करून बसलो होतो. वाचलो ते फक्त कागदी फॉर्मवर सिरियल नंबर होता म्हणून, दोन रात्री बसून सगळं परत भरलं. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं, रिकामा रकाना आणि शून्य एक समजायचं नाही. आणि आकडेमोडीला एसपीएसएस सॉफ्टवेअर पायरेटेड शोधत बसू नको, जामोवी फुकट आहे, एवढ्या कामाला पुरतं.

कोटा_अजून_बाकी:
खूप दिवसांनी येतेय, सॉरी. एथिक्सने एकदा परत पाठवलं. कमिटीत एक डॉक्टर नसलेले सदस्य असतात ना, त्या काकांनी माझं मराठी माहितीपत्रक हातात धरून विचारलं, "हिरड्यांचे अपसरण म्हणजे काय हो? मला कळलं नाही तर त्या बाईला काय कळणार, आणि ती अंगठा कशावर उठवणार?" मला बोलताच येईना. आता तिथे "हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडणं" असं लिहिलंय आणि अंगठ्याशेजारी साक्षीदाराच्या सहीची जागा ठेवलीय. मॅडमसोबत दहा जणी दोनदा तपासून कॅलिब्रेशन (मापं जुळतात का ते बघणं) केलं, पहिल्यांदा माझे आकडे सगळीकडे १ मिमीने जास्त येत होते, प्रोब तिरका धरत होते.

फील्ड काल संपलं. पायलटमधला एसडी घातल्यावर ६३ चे ७० झाले होते. मशेरीचा गट पंधरा दिवसांत भरला, दुसऱ्या गटानेच दमवलं, ३५ ते ४४ मधली, काहीच न लावणारी बाई शोधायला तीन गावं फिरले. शेवटची ज्या घरी सापडली तिथे सासूबाई चुलीपाशी तवा ठेवून मशेरीच भाजत होत्या, मी सुनेचं तोंड तपासतेय तोवर मला म्हणाल्या, "तिचं कशाला बघती, तिला काय झालंय? माझं बघ की." वय ६८, माझ्या स्टडीत बसत नाहीत. तरी बघितलं. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा. मंगळवारी ओपीडीला आणायचंय, आशाताई सोबत येणारेत.

आता जामोवी उघडून बसलीये. रिसेशनचा डेटा एका बाजूला झुकलेला येतोय, दोन गट ताडायला टी टेस्ट लावू की मॅन व्हिटनी टेस्ट? आकडेमोडदादा, आहात का?