लहान मुलांना घेऊन खाण बघायची तर

वेल्समधली बिग पिट की पोलंडमधली व्येलिच्का, असा तुमचा प्रश्न आहे आणि तुमचं धाकटं मूल चार वर्षांचं आहे, म्हणून मी व्येलिच्का सुचवेन.

बिग पिट कोळशाची. खाणकामगारांच्या खऱ्या पिंजऱ्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, ९० मीटर खाली नेतात, हेल्मेट-दिवा देतात. थोरल्याला फार आवडेल! पण १ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना खाली नेत नाहीत, तेव्हा धाकट्याची उंची आधी मोजा. मोबाइल, घड्याळ, बॅटरीवर चालणारं सगळं वरच ठेवावं लागतं. कारण कोळशाच्या खाणीत मिथेन हा ज्वलनशील वायू असू शकतो आणि ठिणगीने तो पेटण्याचा धोका असतो.

व्येलिच्का मिठाची. दालनं प्रशस्त, उजेड पुरेसा, आणि मिठात कोरलेलं प्रार्थनागृह पाहून मुलं खरंच थक्क होतात. मात्र सुमारे ८०० पायऱ्या आहेत, त्यातल्या ३८० सुरुवातीलाच, त्यामुळे बाबागाडीचा उपयोग नाही. वर यायला लिफ्ट आहे. आत १७-१८ अंश असतं, उन्हाळ्यातही जाकीट घ्या.

आणखी एक, मुलं अंधाराला घाबरतात का? पुष्कळ खाणींत गाइड क्षणभर सगळे दिवे मालवतात. आधी सांगितलंत तर ते मुलांना पूर्वकल्पना देतात. हे तिकीट काढतानाच विचारा.